हेअरवुडची साखर

इंग्रजी कादंबरीतील 'कंट्री हाउस'चा विषय निघाला, की आपल्या चर्चांत एक ठरावीक वाक्य हमखास ऐकू येते: वास्तूकडे वास्तू म्हणून पाहावे, मालकाचा पैसा कुठून आला, हा इतिहासकारांचा प्रश्न. हे वाक्य रसिकतेचे वाटते. आमच्या मते ते अर्धेच पाहण्याची सवलत मागणारे आहे.

यॉर्कशायरमधील हेअरवुड हाउस घ्या. 1759 साली बांधकाम सुरू झाले, 1771 मध्ये घर राहण्याजोगे झाले. आराखडा जॉन कारचा, अंतर्भाग रॉबर्ट ॲडमचा, फर्निचर टॉमस चिपेंडेलचे, उद्यान 'केपेबिलिटी' ब्राउनचे. ही अभिरुची विकत घेण्याइतका पैसा एडविन लॅसेल्सकडे आला कुठून? वडील हेन्री यांनी तो बार्बाडोसचा साखरव्यापार, मळेवाल्यांना दिलेली कर्जे आणि गुलामांचा व्यापार यांतून मिळवला होता. 1833 च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटिश संसदेने 2 कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती गुलामांना नव्हे, मालकांना. हेअरवुडच्या अर्लच्या वाट्याला 26 हजारांहून अधिक पौंड आले.

यावर विचारले जाईल, याने ॲडमच्या छताचे सौंदर्य उणावते काय? नाही उणावत. पण ते सौंदर्य काय झाकते, हे पाहायला नको? हेअरवुडसाठी जुना गॉथॉर्प हॉल पाडला गेला. गाव हलवून फाटकाबाहेर आखीव रांगांत नव्याने वसवले गेले. ब्राउनने खोदवलेले तळे तर असे, की ते पूर्वापार तिथेच असावे. श्रम दिसू न देणे हेच या शैलीचे व्याकरण आहे. डोळ्यांसमोरचे गाव जिथे नजरेआड केले जाते, तिथे समुद्रापलीकडचा उसाचा मळा कसा दिसणार? म्हणजे इतिहास या वास्तूच्या बाहेर नाही. तो तिच्या रचनेतच आहे.

ऑस्टिनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मधील (1814) सर टॉमस अँटिग्वाला जातात. एडवर्ड सईद यांनी 1993 मध्ये त्या प्रवासावर बोट ठेवले, तेव्हा ऑस्टिनवर अन्याय झाल्याची ओरड झाली. वस्तुतः सईद ऑस्टिनला नाकारत नव्हते. ते तिला अधिक बारकाईने वाचत होते.

आज हेअरवुडची विश्वस्त संस्था स्वतःच हा इतिहास प्रेक्षकांपुढे मांडते. घरचेच बोलू लागले असताना, त्या घराशी कसलाही हितसंबंध नसलेल्या आपण रसिकांनी पडदा धरून का उभे राहावे?