मासा हलाल, पण शिकार कशासाठी?

सिएटलमध्ये राहणारा माझा भाचा येत्या जुलैत अलास्कातल्या केनाय नदीवर गाइड घेऊन सॅमन मासा पकडायला जाणार आहे. "मामू, गळाने पकडलेला मासा हलाल ना?" एवढंच त्याने विचारलं. माशाला जबह लागत नाही, उत्तर सोपं आहे. पण कोणता मासा आणि कशासाठी, हे त्याने विचारलं नाही.

याच नदीत 1985 साली 97 पौंडांचा, म्हणजे 44 किलोंचा किंग सॅमन गळाला लागला होता. आता किंग इतके घटलेत की 2023 आणि 2024 मध्ये तिथे त्यांची गळाने मासेमारी बंदच ठेवावी लागली. त्यामुळे बेत सॉकाय सॅमनचा करावा. जुलैत तो झुंडीने वर चढतो. परवाना, रोज किती मासे घेता येतात, ते गोठवून घरी कसे न्यायचे, हे गाइडला पैसे देण्याआधी विचारावं.

सॅमन समुद्रातून नदीत चढतो तो अंडी घालायला, आणि त्यानंतर मरतो. आपल्या कोकणात पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, तेही गाभोळीने भरलेले. त्यांचं आपण काय करतो ते सांगायला नको!

पकडा, फोटो काढा, सोडून द्या, याला हल्ली निसर्गप्रेम म्हणतात. मला ते पटत नाही. नियमानेच सोडावा लागला तर गोष्ट वेगळी. पण खायचाच नसेल तर त्याच्या तोंडात गळ अडकवायचा कशाला? नुसत्या करमणुकीसाठी जीव छळणं आपल्या दीनमध्ये बसत नाही. भाच्याला कळवलंय, घराला पुरतील तेवढे सॉकाय मिळाले की गळ गुंडाळ आणि होडी काठाला लावायला सांग.