दवाखान्याला लेखी सांगा

आपल्या मोहल्ल्यात दवाखान्याबद्दल बोलायला कुणालाच वेळ कमी पडत नाही. रांग मोठी होती, सोनोग्राफीची तारीख लांबची मिळाली, औषधं बाहेरून आणायला सांगितली, सिस्टर नीट बोलल्या नाहीत. हे शेजारणीला कळतं, नातेवाइकांच्या ग्रुपवर कळतं, लग्नाच्या जेवणातही कळतं. कळत नाही ते फक्त दवाखान्याला. वर कुणीतरी म्हणतं, "जाऊ द्या, सब्र करा." सब्र मोठी नेमत आहे, पण ती दुखणं सोसण्यासाठी. आपल्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईलाही तोच त्रास होऊ द्यायचा, याला सब्र कसं म्हणायचं?

सरकारी दवाखाना ही आपल्या सर्वांची अमानत आहे. दमास्कसमध्ये ११५४ साली सुलतान नूरुद्दीन जंगी यांनी बीमारिस्तान उभारलं. असे दवाखाने वक्फच्या उत्पन्नावर चालत. वैद्यांच्या कामावर नजर ठेवायला मुहतसिब नावाचा अधिकारी असे. आज दवाखाने आपल्या करावर चालतात. बिस्किटाचा पुडा घेणारं लेकरूसुद्धा त्यात भर घालतं. मग आपण नजर ठेवायला का लाजावं?

आपल्या पुणे जिल्ह्यात हे करून पाहिलेलं आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यासाठी महाराष्ट्रात सुरुवातीला जे पाच जिल्हे निवडले, त्यांत पुणे होता. गावातल्या समित्यांनी आरोग्य केंद्रांची प्रगतिपुस्तकं भरली. सेवा चांगली, बरी की वाईट, तसा शेरा दिला. मग जनसुनवाई झाल्या. पैसे मागणं, कर्मचारी जागेवर नसणं, बाहेरून औषधं आणायला लावणं हे प्रश्न साध्या बायाबापड्यांनी अधिकाऱ्यांसमोर उभं राहून मांडले. त्या काही डॉक्टर किंवा वकील नव्हत्या. आपल्याबाबतीत काय घडलं, ते त्यांनी नीट सांगितलं, एवढंच. खेड्यातल्या बायकांना जे जमलं, ते सांगवीत का जमू नये?

आधी दार ओळखा. सांगवी फाट्याजवळचं औंध जिल्हा रुग्णालय राज्य सरकारचं आहे. तिथे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज द्यायचा. पिंपरीतलं वायसीएम हे महापालिकेचं, तिथे अधिष्ठाता प्रमुख असतात. हा फरक पैशाच्या बाबतीतही महत्त्वाचा आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या दवाखान्यांचे नियम महापालिका ठरवते. तिथली तक्रार 'सारथी' हेल्पलाइनवर, ८८८८००६६६६ या क्रमांकावरही करता येते. राज्याच्या दवाखान्यासाठी 'आपले सरकार' पोर्टल आहे. कुठेही पैसे मागितले तर पावती मागा.

अर्ज एका पानाचा पुरे. त्यात तारीख, वेळ, विभाग आणि केसपेपरचा नंबर लिहा. काय घडलं ते क्रमाने लिहा. शेवटी काय व्हायला हवं ते एका ओळीत मागा. "इथे कुणाला काही पडलेली नाही" या वाक्यावर कुणीही काही करू शकत नाही. "सोमवारी सकाळी ९ ते ११ केसपेपरची एकच खिडकी चालू होती, वृद्धांसाठी वेगळी रांग करावी" यावर मात्र करता येतं. अर्ज आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिला हे दाखवायला हातात काहीच राहत नाही.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांत अर्ज होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. यंत्र कधीपासून बंद आहे, अमुक औषधाचा साठा किती, हे विचारता येतं. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समितीही असते. तिचे सदस्य कोण आणि बैठक कधी झाली, हेही विचारा. मोहल्ल्यातल्या दहा जणांनी एकाच अडचणीवर दहा अर्ज दिले, तर त्या बैठकीत तो विषय टाळणं अवघड होतं.

चांगलं काम दिसलं तर तेही लिहा. रात्री दोन वाजता आपल्या अम्मीला धीर देणाऱ्या सिस्टरचं नाव तिच्या वरिष्ठांपर्यंत जाऊ द्या. आणि काहीही झालं तरी हात उचलायचा नाही. डॉक्टर-कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी २०१० च्या राज्याच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. शिवाय मारहाणीनंतर काम बंद पडतं, तेव्हा हाल गरीब रुग्णांचेच होतात.

थोडं आपल्याकडेही पाहू. इयादत सुन्नत आहे, पण एका खाटेभोवती बारा जण उभे राहिले तर शेजारच्या रुग्णाला झोप कशी लागणार? दोघांनी जावं, दुआ करावी, लवकर निघावं. बाकीच्यांनी घरी रुग्णाच्या मुलांना जेवू घालावं, तीही खिदमतच. जुने रिपोर्ट आणि केसपेपर एका पिशवीत ठेवले तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.

अर्ज न देण्याचं मोठं कारण भाषा आहे, हे शिक्षकाच्या नजरेला लगेच दिसतं. आपल्या कितीतरी खाला आणि नानी उर्दू वाचतात, पण मराठीत चार ओळी लिहायला घाबरतात. दवाखान्यात सगळ्यांत जास्त फेऱ्या मात्र त्यांच्याच होतात. आणि त्याच घरात दहावीची मुलगी मराठीचं औपचारिक पत्र पाठ करत बसलेली असते. तिला नानीजवळ बसवा. नानीने सांगावं, नातीने लिहावं, मग वाचून दाखवावं. मुलीचा अभ्यास होईल आणि नानीचं म्हणणं पहिल्यांदा कागदावर येईल. मशिदीच्या जबाबदार मंडळींनी जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास यासाठी टेबल मांडलं आणि बायकांसाठी वेगळी वेळ ठेवली, तर आणखी बरं.

या महिन्यात प्रत्येक घरातून एक अर्ज जाऊ द्या. तक्रारीचा असो वा शुक्रियाचा, पोच मात्र जपून ठेवा. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ देवो. आमीन.