कोळी खेकड्याला बाटलीत भरू नका



आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे सहल कोकणात गेली, की ओहोटीच्या खडकांवर दिसेल ते उचलावे आणि शाळेच्या प्रयोगशाळेसाठी बाटलीत भरून आणावे, असा मोह होतो. तो आवरावा, असे माझे मत आहे. का, ते सांगतो.

कोळी खेकड्याचेच उदाहरण घ्या. हा कोळी मासे पकडणारा नव्हे, जाळे विणणारा! लांब, बारीक पायांमुळे हे नाव पडले. कोळ्याला पाय आठ. या खेकड्याला मात्र नांग्या धरून दहा. जपानजवळच्या खोल समुद्रातील एका जातीत पसरलेल्या पायांची रुंदी सुमारे ३.७ मीटरपर्यंत भरते. प्राण्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली तर वजन आठपट होते, पण पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच. मग हे बारीक पाय टिकतात कसे? पाण्याचे उत्प्लावक बल वजनाचा मोठा भाग पेलते, म्हणून!

या गटातील अनेक खेकडे स्वतःला सजवतात. त्यांच्या कवचावर आकडीसारखे वाकडे केस असतात. शेवाळाचे, स्पंजाचे तुकडे नांगीने तोडून खेकडा त्यांत अडकवतो. रानातून येताना कपड्यांना चिकटणारी काटेरी बोंडे आठवा, युक्ती तीच. मग शत्रूला खेकडा दिसत नाही, शेवाळाचा झुबका दिसतो. कात टाकली की ही सजावट जुन्या कवचाबरोबर जाते आणि काम पुन्हा पहिल्यापासून!

बाटलीतल्या मेलेल्या खेकड्याचे पाय मोजता येतात. पण तो कोणता तुकडा निवडतो, कोठे लावतो, केव्हा निश्चल बसतो, हे त्यात कोठून दिसणार?

शिक्षक विचारतील, नमुन्याशिवाय शिकवायचे कसे? नव्या जातीला नाव देताना नमुना लागतो, हे खरे. १८३६ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या खेकड्यांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा वेस्टवुड यांनी शास्त्रीय वर्णने नमुन्यांवरूनच केली. परंतु माहीत असलेल्याच जातीचा जीव दरवर्षी प्रत्येक शाळेने आणल्याने ज्ञानात कोणती भर पडते? कपाटातील जुनी बाटली पुष्कळ वर्षे पुरते.

शिवाय खेकडा पाहायला समुद्रच कशाला हवा? पावसाळ्यात अकोले तालुक्यातील ओढ्याकाठी पाहा. समुद्रातील खेकड्यांच्या अंड्यांतून बहुधा पाण्यात तरंगणाऱ्या, आईबापांशी मुळीच साम्य नसलेल्या अळ्या निघतात. आपल्या गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या अंड्यांतून मात्र थेट चिमुकले खेकडेच बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाखाली राहतात. वाहत्या ओढ्यात तरंगणाऱ्या अळीचे काय होईल, याचा विचार करा, म्हणजे यातील फायदा कळेल.

तेव्हा पुढच्या सहलीला बाटलीऐवजी वही न्या. खडकातील डबक्याजवळ दहा मिनिटे स्तब्ध बसा. तारीख, वेळ, जागा लिहा, चित्र काढा. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा. शेवाळाचा एखादा झुबका चालू लागला, तर त्याला चालू द्या!