मोल शिकवा, पण युरियाच्या गोणीवरून

देवळा तालुक्यातल्या डाळिंबाच्या बागांना बोर्डो मिश्रण नवे नाही. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचा, दोन्ही एकत्र करून शंभर लिटर द्रावण करायचे आणि फवारणीआधी त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून पाहायचा. लोखंडावर तांबूस थर चढला म्हणजे चुना कमी पडला. तसेच फवारले तर पाने करपतात. दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ती हीच. लोह मोरचुदातल्या, म्हणजे कॉपर सल्फेटमधल्या, तांब्याची जागा घेते आणि तांबे लोखंडावर बसते. पुस्तकातल्या प्रयोगातही लोखंडी खिळाच आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, रसायनशास्त्राच्या मूळ संकल्पना आपल्या शाळांनी शेतातून सुरू कराव्यात आणि सूत्रापर्यंत न्याव्यात. आज उलटे चालते.

मोल ही संकल्पना नववीत 'द्रव्याचे मोजमाप' या प्रकरणात येते आणि बहुतेक मुले तिथेच धास्तावतात. 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात ही संख्या पाठ होते, पण ती कशाला हवी हे उमगत नाही. आता युरियाची गोणी घ्या. युरियाचे रेणुवस्तुमान 60, त्यात नायट्रोजनचा वाटा 28. भागाकार केला की गोणीवर छापलेले जवळपास 46 टक्के हाती येतात, म्हणजे 45 किलोच्या गोणीत नायट्रोजन 21 किलोही नाही. डीएपी या खताचा हिशेब तर याहून बोलका आहे. 18:46 मधला 46 हा आकडा फॉस्फरसचा नसून त्याच्या ऑक्साइडचा आहे. त्या ऑक्साइडचे वस्तुमान 142, त्यात फॉस्फरस 62. म्हणजे गोणीत प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे 20 टक्केच. हे गणित नववीच्या मुलाला जमते, आणि घरी खताचा खर्च कोण करतो हे त्याला ठाऊक असते.

यावर आक्षेप येईल की सगळीच मुले शेती करणार नाहीत आणि बोर्डाची प्रश्नपत्रिका राज्यभर एकच असते. खरे आहे. पण अणुवस्तुमान, सामू, द्रावणाची तीव्रता या गोष्टी एकदा नीट कळल्या की औषधनिर्माणाला जाणाऱ्यालाही त्याच उपयोगी पडतात, आणि परीक्षेत प्रश्न त्यांच्यावरच येतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुलांच्या हाती शेतातली रसायने द्यायची का? कीटकनाशके मुळीच देऊ नयेत. मोरचूद डोळ्यांना अपायकारक आहे, चुना भिजताना तापतो. म्हणून चष्मा, अगदी थोडे प्रमाण आणि शिक्षकांची देखरेख हवीच. गोणीवरचे गणित करायला मात्र प्रयोगशाळाही लागत नाही. देवळ्यातल्या विज्ञानशिक्षकांना विनंती आहे: यंदा मोल शिकवण्याआधी फळ्यावर 46 हा आकडा लिहा आणि तो कुठून आला, हे मुलांनाच शोधू द्या.