दिवाणखान्यातले धुके

नोएडाला राहणाऱ्या माझ्या भाचीचा गेल्या डिसेंबरात फोन आला. "मावशी, चिरंजीवांना वाढदिवसाला लेसरचे हिरवे किरण खोलीत दिसायला हवेत. सजावटवाला म्हणतो, तीन किलो ड्राय आइस गरम पाण्यात टाकतो, ढगच ढग! आणू देत ना?"

"मुळीच नको," मी म्हणाले. मग कारण सांगणे आलेच.

स्वच्छ हवेत लेसरचा किरण बाजूने दिसत नाही. भिंतीवरचा ठिपका तेवढा दिसतो. वाटेत बारीक कण असले की त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि किरण उमटतो. उन्हाच्या कवडशात धूळ नाचते, तसेच हे. कण कुठले घ्यायचे, हा खरा प्रश्न.

ड्राय आइस म्हणजे उणे ७८ अंशांवर गोठलेला कार्बन डायऑक्साइड. ढग दिसतो तो पाण्याचा, पण सोबत येणारा वायू दिसत नाही. एका किलोतून सुमारे ५४० लिटर वायू निघतो. दहा बाय बारा फुटांच्या बंद खोलीत तीन किलो टाकला, तर त्याचे प्रमाण साडेचार टक्क्यांपुढे जाते. चार टक्केच जिवाला धोक्याचे मानतात. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, म्हणजे जमिनीलगत साचणार आणि मुले बसणार तिथेच! २०२० मध्ये मॉस्कोत एका पार्टीत पोहण्याच्या तलावात २५ किलो ड्राय आइस टाकला आणि तिघे प्राणाला मुकले. अन् मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून ड्राय आइसच दिला गेला. पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. मुलांच्या हाताशी ही वस्तू नकोच.

उदबत्त्यांचा धूर? प्युरिफायर लावून जे बाहेर काढतो, तेच पैसे देऊन आत आणायचे! भाड्याच्या मशीनमध्ये ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन पाण्यात मिसळून तापवतात. मोठ्या, हवेशीर सभागृहात ते ठीक. फ्लॅटमध्ये दमेकऱ्याला त्रास होतो आणि सोसायटीचा धुराचा भोंगाही वाजू शकतो.

घरासाठी बरा तो अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर. कंप पावणारी चकती पाण्याचे तुषार उडवते, धग नाही की धूर नाही. पण नळाचे पाणी घालू नका. एनसीआरमध्ये ते बहुधा जड असते. तुषार वाळले की क्षारांची पांढरी धूळ हवेत राहते. उकळून गार केले तरी क्षार जात नाहीत. आरओचे किंवा त्याहून चांगले म्हणजे डिस्टिल्ड पाणी घ्या, भांडे आधी स्वच्छ धुवा. खोली भरणार नाही, हे मुलांना आधीच सांगा. तुषारांच्या झोतातून किरण जाईल असे यंत्र ठेवा, दिवे मालवा. तेवढ्यापुरता प्युरिफायर बंद. फरशी ओली होते, म्हणून खाली जुनी चादर घाला.

लेसर ५ मिलिवॅटपेक्षा जास्त शक्तीचा नको, आणि बाजारातल्या चिठ्ठीवर फार विसंबू नका. तो कपाटावर पक्का बांधून मोठ्यांच्या डोक्यावरून समोरच्या काळ्या चादरीवर सोडा. आरसा, काच, स्टीलचे भांडे वाटेत नको. उगमाच्या दिशेने पाहिले की किरण जास्त ठळक दिसतो, म्हणून मुले नेमकी तिकडेच वाकतात. तिथे एक मोठे माणूस उभे करा. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेसर झोतांवर बंदी घातली, ती डोळ्यांपायीच.

भाचीने तसेच केले. किरण दहा मिनिटे पाहिला. उरलेला वेळ मुलांनी तुषारांत बोटे घालण्यातच घालवला. केक मात्र जरा ओला झाला म्हणे.