मधुमेह : नजर शाबूत असतानाच पडद्याला घरघर

कन्हान, (प्रतिनिधी) : मधुमेहाचे निदान झाले की साखर मोजली जाते, गोळ्या सुरू होतात, डोळ्यांची आठवण मात्र अंधुक दिसू लागल्यावरच येते. हाच विलंब दृष्टीच्या मुळावर येतो. डायबेटिक रेटिनोपॅथी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या विकाराची सुरुवात नजर शाबूत असतानाच, पेशींच्या आत झालेली असते.

पेशींमध्ये तंतुकणिका नावाची सूक्ष्म ऊर्जाकेंद्रे असतात. साखर व प्राणवायू वापरून ती ऊर्जा तयार करतात. शरीरातील सर्वाधिक प्राणवायू लागणाऱ्या भागांत डोळ्याच्या पडद्याची गणना होते. साहजिकच ऊर्जाकेंद्रांतील बिघाडाची झळ त्याला लवकर बसते. कोळसा खाणींच्या कन्हानला आणि वीज केंद्रांच्या खापरखेडा-कोराडीला हे गणित सहज पटावे. भट्टीत प्रमाणाबाहेर कोळसा कोंबला तर वीज वाढत नाही, धूर वाढतो. पडद्यातील रक्तवाहिन्यांच्या पेशींना जादा साखर रोखता येत नाही. त्या ताणातून तंतुकणिकांत सुपरऑक्साइड हा घातक 'धूर' साचतो. अमेरिकेतील संशोधक मायकेल ब्राऊनली यांनी २००१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मधुमेहाच्या गुंतागुंतीमागील हे सूत्र मांडले.

पुढे हा धूर ऊर्जाकेंद्रांच्या स्वतःच्या डीएनएलाच इजा करतो. केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, वाहिन्या पाझरतात, काही बंद पडतात. प्राणवायूला मुकलेला पडदा नव्या वाहिन्यांना आवतण देतो. पण त्या नाजूक वाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो. लेसर व इंजेक्शनने नजर वाचविता येते, मात्र गेलेली नजर पूर्णपणे परत मिळेलच असे नाही.

अधिक चिंतेची बाब म्हणजे पेशी जुने घाव विसरत नाहीत. अमेरिका व कॅनडातील 'डीसीसीटी' चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहात कडक साखर नियंत्रणाने हा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटल्याचे १९९३ मध्ये दिसून आले. पुढे दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी आधी ढिलाई झालेल्या गटाचे नुकसान वर्षानुवर्षे अधिकच राहिले. म्हणजेच नियंत्रणाला जितका उशीर, तितकी किंमत जास्त. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी हा विकार टळतो, असे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढील मधुमेहींपैकी १२.५ टक्के जणांना पडद्याचा विकार, तर ४ टक्के जणांच्या दृष्टीला थेट धोका आढळला.

साखरेची तपासणी आज गावपातळीवर पोहोचली आहे. मात्र पडद्यावरील उपचारासाठी कन्हानच्या रुग्णाला सुमारे वीस किलोमीटरवरील नागपूर, तेथील मेडिकल वा मेयो गाठावे लागते. रोजंदारी बुडवून, दिसत असताना तेथे कोण जाणार? केरळने 'नयनामृतम' उपक्रमातून प्राथमिक स्तरावरच पडद्याची छायाचित्रे घेण्याचा मार्ग दाखविला आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदानाच्या वेळीच व नंतर दरवर्षी पडदा तपासणे आवश्यक असते. साखर मोजणाऱ्या टेबलाशेजारीच पडदा तपासणारा कॅमेरा आला, तरच विज्ञानाने दिलेला हा इशारा कन्हानच्या कामगार वस्तीपर्यंत वेळेत पोहोचेल.