प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचा नव्हे

शौचाच्या वेळी रक्त पडले की ती मूळव्याधच, असे आपण धरून चालतो. संकोचापोटी घरात बोलायचे नाही आणि भिंतीवरची ‘शस्त्रक्रियेविना हमखास इलाज’ ही जाहिरात वाचून तिथे धाव घ्यायची, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. यकृताच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र ही समजूत प्राणावर बेतू शकते.

आतड्यांतले रक्त पोर्टल नीलेतून यकृताकडे जाते. मद्यपानाने वा काविळीच्या ‘ब’ आणि ‘क’ विषाणूंनी यकृत निबर झाले की ती वाट अडते आणि नीलेतील दाब वाढतो. मानशीचे दार अडले म्हणजे शेतातले पाणी बांधाची कच्ची जागा शोधते, तसे हे रक्त अन्ननलिकेत, जठरात आणि गुदाशयातही आडवाटा काढते. तेथील नीला फुगतात. त्या मूळव्याधीसारख्या भासल्या तरी मूळव्याध नव्हेत. त्यांवर कुणी अजाणतेपणी शस्त्र चालवले, तर रक्त आवरणे कठीण होते. कारण दुखणाईत यकृतामुळे रक्त गोठण्याची क्रियाही बिघडलेली असते.

यावर उपचार आहेत. आधी रक्त देऊन रुग्णाला सावरावे लागते. मग दुर्बिणीतून फुगलेल्या नीलेला रबरी कडे घालतात किंवा तीत विशिष्ट डिंक टोचतात. तेवढ्याने न भागल्यास मानेतील नीलेतून यकृतात नळी बसवून दाब उतरवतात. परंतु त्यानंतर यकृताने न गाळलेले रक्त मेंदूकडे जाऊन भ्रम होण्याचा धोका असतो. हा विकार विरळा असल्याने उपचारांची तुलना करणारे मोठे अभ्यास नाहीत. म्हणूनच निर्णय यकृततज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी एकत्र बसून घ्यायचा असतो. तो जाहिरातबाजांचा प्रांत नव्हे.

ज्या भूमीत १८४२ साली वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले, तेथे एवढी जाण गावोगावच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचू नये काय? यकृताचा विकार आहे काय, मद्यपान किती, हे विचारल्यावाचून कुणावरही मूळव्याधीची शस्त्रक्रिया होता कामा नये. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत असा रुग्ण ओळखून तो रात्री-अपरात्रीही बांबोळीला विनाविलंब पोहोचवण्याची चोख व्यवस्था असली पाहिजे. केंद्राच्या २०१८ च्या कार्यक्रमानुसार विषाणूजन्य काविळीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, हेही लोकांच्या कानी गेले पाहिजे. मद्यावरचा महसूल सरकार चोख मोजते. त्या मद्याने जर्जर झालेली यकृतेही त्याने मोजावीत, एवढीच आमची मागणी आहे.